आखिरी कीलमधला चौथा पिशाच

॥ श्री ॥
मानक नगर, लखनौ
२४ ऑगस्ट १९९७

चि. विश्वास यास हणमंताचे अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांच्या तब्येती. तुझं पित्त कसं आहे? उठल्याउठल्या रिकाम्या पोटी चहा ढोसणं सोडलंस की अजून तेच? प्रतिमाचा गुडघा जिना चढताना वाजतो का? तिला म्हणावं, एरंडेल कोमट करून चोळ, थंड चोळून नुसते कपडे खराब होतात. अनन्याच्या टॉन्सिलचं डॉक्टर काय म्हणाले? आणि आमच्या चिरंजीवांची तब्येत? तीही तुलाच विचारतो. तो दर रविवारी शेजारच्या तिवारीजींच्या फोनवर बोलतो, पण “मस्त आहे” यापलीकडे बातमी नाही.

तुझ्या ताईचं, यमुनाचं, ठीक चाललंय. मे महिन्यात हृदयाची झडप बदलली तेव्हा तू येऊन पाहून गेलासच. आता ती बागेपर्यंत चालते. मात्र डॉक्टरांनी बजावलंय, धक्का नको, जिना नको, गर्दी नको. ती म्हणते, “मग उरलं काय, भिंतीकडे बघत बसू?”

आता मुख्य बातमी. आपल्या सौरभचा सिनेमा इथे लागला, ‘आखिरी कील’. मी एकटाच जाऊन आलो. यमुनाला नेता येत नव्हतं, आणि रुचा म्हणाली, “पापा, ऐसी पिक्चर कौन देखता है?” स्वतःच्या भावाचा सिनेमा, पण कॉलेजात मैत्रिणींना सांगायची लाज.

गोष्ट सांगतो. एक पिशाचांचा शिकारी असतो. भर उन्हाळ्यात घोट्यापर्यंत कोट. कमरेला चांदीचे सात खिळे. एका पडक्या हवेलीत रक्त पिणाऱ्यांचा अड्डा, आणि हा एकेकाला खिळा मारत घुमटापर्यंत चढतो. प्रत्येक खिळ्याआधी एक वाक्य बोलतो, ते मात्र मला फुकटचं वाटलं. ज्याला मारायचंच त्याला भाषण कशाला? घरी येऊन यमुनाला सांगितलं तर तिची शंका वेगळीच. “नुसतं रक्त पिऊन राहतात? मग दिवसभर करतात काय?”

सौरभ चौथा पिशाच. चेहऱ्याला चुना फासल्यासारखा रंग, दात बाहेर. मी बाप असून ओळखलं नसतं, पण तो चालताना उजवा खांदा जरा पुढे टाकतो ना, त्यावरून ओळखलं. घुमटाच्या कडेवर शिकाऱ्याशी झटापट होते, छातीत खिळा बसतो आणि आपला पोरगा वरून जो खाली येतो! थेटरात शिट्ट्याच शिट्ट्या. मीही वाजवली, बासष्टाव्या वर्षी. शेजारच्या माणसाला म्हणालो, “वो मेरा लड़का है.” तो म्हणाला, “कौन, हीरो?” मी म्हणालो, “नहीं, जो गिरा.”

मी करून दिलेली कडी त्याने लावली असणारच. तुला आठवत असेल, निवृत्तीच्या आधी मी साहेबांची परवानगी घेऊन कपलिंगच्या भंगार पोलादी सळईतून ती घडवली होती. सौरभसारखे स्टंट करणारे हे लोक पाठीवरच्या पट्ट्याला तार अडकवून उड्या मारतात, आणि ज्या कडीत तार अडकवतात ती बाजारची, बघूनच मला घाम फुटला होता. तेहेतीस वर्षं रेल्वेच्या लॅबमध्ये माझं काम एकच. डब्याला डबा जोडणारी कपलिंग मशीनवर ओढून ओढून तोडायची आणि कुठून तुटली ते फिल्मवर एकेक चित्र थांबवून बघायचं. खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर म्हणून लागलो, इंग्रजीही त्या रिपोर्टांवरूनच शिकलो. ती कडी मी मशीनला लावून ओढली, मशीन दमलं, कडी नाही दमली. गळ्याशी पितळेचं पिवळं वेढणं दिलं, गर्दीत आपली ओळखू यावी म्हणून. त्या सळईचा उरलेला तुकडा खिडकीत आहे, कागद उडू नयेत म्हणून. आत्ताही याच पत्रावर ठेवलाय.

यमुनाचं मन मात्र लागत नाही. तिच्या ऑपरेशनला सौरभ आला नाही, हे तिने गिळलंय, पण पचलेलं नाही. म्हणते, “तो नाही तर त्याचा सिनेमा तरी बघू दे.” दिवाळीनंतर व्हिडिओ कॅसेट निघणार असं दुकानदार म्हणतो. ती आली की घरीच, उशीला टेकवून दाखवीन.

त्याला म्हणावं, दोन दिवस तरी येऊन जा. आईला डोळ्यांनी बघायचंय, बाकी काही नको.

उत्तराची वाट बघतो.

तुझा
हणमंत


गोरेगाव, मुंबई
९ सप्टेंबर १९९७

ती. दाजी यांस विश्वासचा सा. नमस्कार.

पत्र पोचलं. पित्त आहे तसंच. प्रतिमाने एरंडेल कोमट केलं, बरं वाटतं म्हणते. अनन्याचं ऑपरेशन सध्या नको असं ठरलं.

सौरभ मजेत आहे. त्याला लागोपाठ बाहेरगावची कामं मिळताहेत, म्हणून यायला जमत नाही. आता उटीकडे आहे, मग आणखी कुठेतरी. पत्रं माझ्या पत्त्यावर पाठवत जा, मी पोचवतो.

दाजी, एक सांगू का? ताईला तो सिनेमा दाखवू नका. अचानक किंचाळ्या, रक्त, दचकवण्याचा सगळा कारभार. तिच्या हृदयाला हे सोसायचं नाही. कॅसेटची छापही फार वाईट निघते, चेहरे दिसत नाहीत. सौरभचं काम दोन मिनिटांचं. तेवढ्यासाठी कशाला? त्याचा फोटो पाठवतो मी एखादा.

गणपती आले-गेले. यंदा मोदक फसले.

ताईला नमस्कार, रुचाला आशीर्वाद.

आपला
विश्वास


मानक नगर, लखनौ
२ नोव्हेंबर १९९७

चि. विश्वास यास आशीर्वाद.

काल भाऊबीज झाली. रुचाने पाटासमोर भावाचा फोटो ठेवून ओवाळलं आणि मग स्वतःच आत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा म्हणाली, “भैया को बोल दीजिए, अगले साल मैं फोटो को टीका नहीं लगाऊँगी.” एरवी मराठी समजूनही हिंदीतच बोलते, पण रडण्याला भाषा कुठे असते.

सोबत चकल्यांचा डबा पाठवतोय. तुझ्या ताईने बसून, थांबत थांबत केल्या. वरच्या थरातल्या सौरभच्या, जास्त तिखट. तुम्ही खालच्या खा.

तू फोटो पाठवलास तो जुना निघाला रे. मागे गेल्या वर्षीचं कॅलेंडर आहे. यमुनाच्या लगेच ध्यानात आलं. तिने फोटो देवाजवळ न ठेवता कपाटात ठेवला.

विश्वास, रागावू नकोस, पण तुझं मागचं पत्र वाचून मला वाईट वाटलं. भाच्याने भुताचं सोंग घ्यावं हे तुला कमीपणाचं वाटतं, असं मला दिसलं. तू बँकेत, चार लोकांत उठबस, म्हणून सिनेमा दाखवू नका म्हणतोस. मीही आधी असाच चिडलो होतो. पण विचार कर. मी आयुष्यभर वस्तू तोडल्या. तो रोज पडतो आणि न तुटता उठतो. माझ्यापेक्षा त्याचं काम कठीण.

कॅसेट पुढच्या पंधरवड्यात येतेय. तिवारीजींचा व्हीसीआर आणायचं ठरलंय. चित्र थांबवता येतं, एकेक सरकवता येतं, अगदी आमच्या लॅबमधल्या यंत्रासारखं. किंचाळी यायच्या आधीच मी आवाज बंद करीन, म्हणजे यमुना दचकायची नाही. तू काळजी करू नकोस.

फोटो मात्र नवा पाठव. उभा असलेला, पूर्ण.

हणमंत


मानक नगर, लखनौ
२४ नोव्हेंबर १९९७

विश्वास,

माझ्या मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. का नाही, ते आता मला कळलंय असं वाटतं. तरी जे झालं ते तुला पहिल्यापासून लिहितो. लिहिल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही.

शनिवारी दुपारी कॅसेट लावली. तुझी ताई पलंगावर, मागे दोन उशा. तिवारीजी, त्यांची बायको, कॉलनीतली सात-आठ मंडळी. मीच आमंत्रण दिलं होतं, मिरवायचं होतं ना. आवाज बंद-चालू करायला रुचा बसली होती. चौथा पिशाच आला आणि यमुना मला म्हणाली, “खांदा बघा, खांदा!” तिने माझ्याआधी ओळखलं. केवढी हसली. मे महिन्यापासून तशी हसली नव्हती.

मग तो पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिवारीजी म्हणाले, “भाई वाह, एक बार और!” मी मागे नेऊन पुन्हा दाखवलं. पुन्हा टाळ्या. पोरं ओरडायला लागली, “फिर से, अंकल, फिर से!” विश्वास, मी माझ्या हाताने सहा वेळा त्याला पाडला. सहाव्यांदा संथ गतीने दाखवलं, कारण मला यंत्र येतं ही ऐट.

यमुना म्हणाली, “थांबवा.”

मला वाटलं तिला दम लागला. ती पडद्याकडे बोट दाखवत होती. “हात बघा त्याचा.”

खाली फरशीवर पिशाच मरून पडलाय. कॅमेरा शिकाऱ्याकडे वळायच्या आत, जेमतेम श्वासाएवढा वेळ, त्याचा उजवा हात हळूच सरकतो आणि गालाखाली जातो. झोपल्यासारखा.

तुला ते माहीत नसेल. लहानपणी सौरभ पेरूच्या झाडावरून पडला होता, मनगट मोडलं होतं. आई ओरडेल म्हणून रडला नाही. हात गालाखाली घेऊन, डोळे मिटून झोपल्याचं सोंग करून झाडाखाली पडून राहिला. नंतरही खरंच लागलं की हेच. खोटं लागलं की घर डोक्यावर, खरं लागलं की झोप. हे आम्हां दोघांनाच ठाऊक.

“आता चहा कर,” यमुना लोकांसमोर एवढंच रुचाला म्हणाली.

सगळे गेल्यावर मी एकेक चित्र सरकवून पाहिलं. ते माझं कामच. पडताना तार आधी ताणली गेली पाहिजे आणि मग माणूस थांबला पाहिजे. इथे तार सैल होते, तो अजून वर असतानाच. म्हणजे तार नव्हे, तारेच्या टोकाचं काहीतरी सुटलं. त्याच्या पाठीवर काहीतरी चमकतं, पण काय ते दिसत नाही. पडद्याला नाक लावलं. नुसते ठिपके. तेहेतीस वर्षं मी तुटलेल्या वस्तूचा दोष शोधून सही केली, आणि माझ्या पोराच्या पाठीवरच्या कडीला पितळेचं वेढणं आहे की नाही, ते मला सांगता येत नाही.

रविवारी त्याचा फोन आला. दोघंही तिवारीजींकडे गेलो. तो म्हणाला, “पप्पा, शूटिंग जोरात आहे.” मी म्हणालो, “अच्छा.” तो म्हणाला, “सिनेमा कसा वाटला?” मी म्हणालो, “पडलास छान.” मग यमुनाने फोन घेतला. मला वाटलं, आता फुटेल. ती म्हणाली, “जेवलास का?” पलीकडून तो काय म्हणाला कुणास ठाऊक. ती म्हणाली, “चकल्या तिखट झाल्या नाहीत ना?” मग लाइन कटली. तिवारीजींच्या बायकोने पाणी दिलं. ते न पिता घरी आलो.

आता मला दोन गोष्टी लिही. जिवंत आहे, ते आवाजावरून कळतं. पण किती उरलाय ते सांग. आणि दुसरं, ती कडी माझी होती का. माझी असेल तर तसं लिही. लपवू नकोस. यमुनाला मी सांभाळीन. खरं तर तीच मला सांभाळतेय.

हणमंत


गोरेगाव, मुंबई
३ डिसेंबर १९९७

ती. दाजी,

तुमचं पत्र वाचून प्रतिमा म्हणाली, “आता एक शब्द जरी खोटा लिहिलात तर मी माहेरी जाईन.” म्हणून सगळं लिहितो.

अठरा मार्चची गोष्ट. हवेलीच्या घुमटाचा सेट होता, तीस फूट उंच. आधी दीप्ती नावाची एक मुलगी पडणार होती, तिसरी पिशाच. तारेवरचा तिचा पहिलाच दिवस, पाय लटपटत होते. तिला मिळालेली कडी झिजलेली, खटका नीट बसत नव्हता. फाइट मास्टर म्हणाले, एकदाच तर पडायचंय. सौरभने आपल्या पाठीची कडी काढून तिला लावली. तिला म्हणाला, “ही माझ्या पप्पांनी मोडायचा प्रयत्न करून पाहिलेली आहे. मोडत नाही.” ती पडली, सुखरूप उतरली. पुढचा शॉट लगेच याचा. उजेड जात होता, सगळ्यांना घाई. तिच्या पाठीवरची आपली कडी सोडवत न बसता याने तिची झिजलेली लावली. खाली पुठ्ठ्याची खोकी रचलेली असतात, तीही एका बाजूला सरकली होती.

कडी तुमची नव्हती, दाजी.

कंबरेखाली त्याला कळत नाही. दोन ऑपरेशनं झाली. पाय परत येतील असं डॉक्टर म्हणत नाहीत. मेमध्ये ताईच्या ऑपरेशनला मी आलो तेव्हा तो इथे हॉस्पिटलात होता, आणि मी ताईसमोर हसत बसलो होतो. डॉक्टर म्हणाले होते तिला धक्का नको, आणि याने मला अनन्याच्या डोक्यावर हात ठेवायला लावला की घरी सांगणार नाही. आता पुण्यात कण्याच्या रुग्णांसाठी एक केंद्र आहे, तिथे असतो. तिथूनच रविवारी फोन करतो. सगळ्यांच्या चाकाच्या खुर्च्यांचे नट आवळून देतो. तुमचाच मुलगा.

निर्मात्याने तो शॉट तसाच ठेवला, इतका खरा पुन्हा मिळणार नाही म्हणाला. मी भांडायला निघालो होतो. सौरभनेच अडवलं. “राहू दे मामा, तेवढाच माझा सीन आहे.”

कॅसेट निघणार कळल्यावर मला झोप नव्हती. थेटरात कुणाच्या लक्षात येत नाही, पण घरी थांबवून थांबवून बघणारे तुम्ही.

तुम्हाला कळलंय हे मी पुण्याला जाऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, “उभा राहिलो की येऊ दे त्यांना. असं नको.” मी म्हणालो, आणि नाही राहिलास तर? त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि हात गालाखाली घेतला. तुमचं पत्र वाचलं नसतं तर मला वाटलं असतं, झोपला.

पत्ता मी त्याच्या परवानगीशिवाय देऊ शकत नाही. मला माफ करा.

विश्वास


मानक नगर, लखनौ
१५ डिसेंबर १९९७

चि. विश्वास यास आशीर्वाद.

तुझ्यावर राग नाही, हे आधी. प्रतिमाला म्हणावं, माहेरी जाऊ नकोस.

पत्र यमुनाला मीच वाचून दाखवलं. अर्ध्यावर तिने माझ्या हातून कागद घेतला आणि पुढचं स्वतः वाचलं. छातीत काही झालं नाही. डॉक्टरांना आणि आपल्याला वाटलं त्यापेक्षा बाई घट्ट आहे. आपण उगीच तिच्या नावावर सगळे गप्प बसलो. वाचून झाल्यावर म्हणाली, “उभा राहिल्यावर या म्हणतो? जन्मला तेव्हा काय उभा होता?”

काल दुपारी मी कॅसेट पुन्हा लावली. यावेळी सौरभच्या पडण्यापर्यंत गेलोच नाही. त्याच्या आधीच्या त्या मुलीपाशी थांबलो. ती घुमटावरून सुटते, तार ताणली जाते, अंग वळतं, आणि एका चित्रात, फक्त एकाच, तिच्या पाठीवर पिवळा ठिपका आहे. कॅसेटच्या छापेतही पितळ कळतं. रुचाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, “हाँ पापा, है.” मग माझ्या शेजारी खाली बसली आणि पहिल्यांदा मराठीत म्हणाली, “तुमची कडी टिकली.”

टिकली रे. कुणाच्या तरी लेकीला धरून तिने खाली उतरवलं. त्या दीप्तीच्या आईबापांना ठाऊकही नसेल लखनौमध्ये कोण हणमंत आहे. मला बरं वाटायला हवं. वाटतंही. सौरभने जे केलं ते चुकीचं केलं असं मी म्हणू शकत नाही, आणि बरं केलं असं म्हणायला तोंड उघडत नाही.

पण त्या खिडकीतल्या तुकड्याकडे बघवत नाही. सळई दोन कड्यांच्या मापाची होती. मी मापून बघितलं काल, अजून एक आरामात झाली असती. त्या वेळी वाटलं, माझा एकच पोरगा, त्याला एक पुरे. पोरगा कसा आहे हे ठाऊक असून असं वाटलं. शाळेत डबा दिला तर अर्धा वाटून यायचा, म्हणून यमुना नेहमी दोघांचा भरायची. तिला कळलं होतं, मला कळलं नाही. मी एकच केली.

आता ती दुसरी करून काय उपयोग, सांग.

पेटी भरून ठेवली आहे. यमुनाने त्याच्या दोन लुंग्या, तिखट चकल्यांचा नवा डबा आणि लोकरीचे पायमोजे घातलेत. मी म्हणालो, पायमोजे कशाला, त्याला गार कळत नाही. ती म्हणाली, “मला कळतं ना.” जिना चढायला डॉक्टरांनी गेल्या महिनाअखेरीस परवानगी दिली. तिकीट काढायला मी दोनदा स्टेशनवर गेलो आणि दोन्ही वेळा खिडकीवरून परत आलो. पुण्याला उतरून जायचं कुठे, तेच ठाऊक नाही. एवढ्या मोठ्या शहरात दारोदार विचारू का, कंबरेखाली न कळणारा पोरगा इथे आहे का म्हणून? विचारीनही. पण तो भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करील, आणि ते मला उघड्या डोळ्यांनी बघवणार नाही.

कालच्या रविवारी त्याचा फोन आला नाही. आम्ही तिवारीजींकडे दोन तास बसून आलो.

त्याला माझं हे पत्र वाचून दाखव. पिवळा ठिपका दिसला हे सांग. पडलेला आम्ही आधीच पाहिलाय, सहा वेळा, टाळ्या वाजवून. आता बसलेला बघू दे. खुर्चीचे नट मीही आवळीन, त्याच्या शेजारी बसून, बोलायचं नसेल तर न बोलता.

तो हो म्हणाला की लगेच, नुसता पत्ता एका कार्डावर लिहून टाक. तब्येती, हवापाणी, काही लिहू नकोस. आणि नाही म्हणाला तरी लिही, विश्वास, पण लवकर लिही. पोस्टमन अकराला येतो, आणि तुझी ताई दहापासून फाटकाशी उभी असते.

हणमंत